माळढोक पक्षी अभयारण्य (नान्नज)

माळढोक पक्षी अभयारण्य हे सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत विखुरलेले संरक्षित क्षेत्र आहे. ते १९७९ मध्ये घोषित झाले. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नज हे त्याचे सर्वपरिचित ठिकाण होय. महाराष्ट्रात उष्ण वाळवंट नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा कोरडा माळ त्याला सर्वांत जवळचा अधिवास म्हणता येईल.

अधिवास

येथील जमीन उथळ व मुरमाड असून पाऊस बेभरवशाचा असतो. पावसाळ्यात पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते वाढतात. उन्हाळ्यात सारा माळ पिवळा पडतो. अशा जमिनीला सरसकट 'पडीक' ठरवून तेथे झाडे लावण्याची प्रथा आहे. माळावरील पक्ष्यांना मात्र दूरवर दिसणारे उघडे रानच लागते, त्यामुळे असे वृक्षारोपण त्यांना अपायकारकच ठरते. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नज येथे माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले. गवत वाढले आणि तेथे माळढोक वावरू लागले. सोलापूरचे पक्षी-अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्यांकडे लक्ष वेधले.

सीमांचा प्रश्न

मूळ अभयारण्य सुमारे ८,४९६ चौ. किमी, म्हणजे परभणी जिल्ह्याहूनही मोठे होते. त्यात गावे, शेते, वस्त्याही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर व बांधकामांवर बंधने पडल्याने शेतकऱ्यांत नाराजी पसरली आणि तिचा रोख नकळत पक्ष्यावरच वळला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौ. किमी करण्यात आले.

माळढोक

सुमारे एक मीटर उंचीचा हा पक्षी उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. मादी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. त्याला समोरचे नीट दिसत नाही. जड शरीरामुळे चटकन वळताही येत नाही. म्हणून विजेच्या तारांना धडकून बरेच पक्षी मरतात. २०११ पासून त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. उरलेल्यांपैकी बहुतेक पक्षी राजस्थानात, विशेषतः जैसलमेरकडील ३,१६२ चौ. किमीच्या मरू राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या परिसरात आहेत. नान्नजला अलीकडे त्याचे दर्शन क्वचितच घडते.

भेट

परभणीहून मोटारीने गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, बार्शी व वैराग या मार्गाने नान्नज गाठता येते. माळढोक दिसेलच या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होण्याचा संभव अधिक. काळविटांचे कळप मात्र सहज दिसतात. खोकड, धाविक, चंडोल हेही आढळतात, नशिबाने लांडगाही. हिवाळ्यात गवतावरून खालून घिरट्या घालणारे भोवत्या हे स्थलांतरित शिकारी पक्षी येतात. सकाळची वेळ उत्तम. पावसाळा हा माळढोकाचा विणीचा काळ असल्याने त्या दिवसांत वाट सोडून गवतात शिरणे कटाक्षाने टाळावे.