होस्टनेम : यजमानाचं नाव

सर्व्हर नेटवर्कला जोडताना आयपी पत्त्याबरोबर त्याचं ‘होस्टनेम’ही ठरवावं लागतं. यातल्या ‘होस्ट’चं मूळ लॅटिन ‘होस्पेस’मध्ये आहे. तो शब्द यजमान आणि पाहुणा अशा दोघांनाही लागू असे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल ही त्याच कुळातली भावंडं.

संगणकाच्या जगात हा शब्द इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने रुळवला. नेटवर्कला जोडलेले, वापरकर्त्यांची कामं चालवणारे संगणक ते होस्ट. एप्रिल १९६९मधल्या पहिल्या आरएफसीचं, म्हणजे नेटवर्कविषयीच्या तांत्रिक टिपणाचं, शीर्षकच ‘होस्ट सॉफ्टवेअर’ होतं. सगळ्या होस्टची नावं एलिझाबेथ फाइनलर यांचा गट एका फाइलीत सांभाळत असे. ती पुरेना, तेव्हा १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावांवरून पत्ते शोधणारी व्यवस्था मांडली.

होस्टनेममध्ये मात्र इंग्रजी अक्षरं, आकडे आणि संयोगचिन्ह एवढंच चालतं. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये ही मर्यादा टोचते. शहराचं माओरी नाव ओटाउताही, म्हणजे ‘टाउताहीचं ठिकाण’. त्यातला सुरुवातीचा ‘ओ’ दीर्घ आहे, म्हणून रोमन लिपीत त्यावर आडवी रेघ हवी. २०१०पासून ‘.एनझेड’ नावांत ही रेघ नोंदवता येते, पण डीएनएसमध्ये साठवलं जातं ते ‘एक्सएन’ने सुरू होणारं साध्या अक्षरांचं सांकेतिक रूप. ‘.भारत’मधल्या देवनागरी नावांचीही हीच वाट.

ओटाउताहीत माओरी भाषाच यजमान आहे. तिच्या अक्षरांना स्वतःच्या गावात आडवाटेने यावं लागू नये.