नेमी सरोवरातील विलासनौका

धनाढ्यांच्या विलासनौकांची छायाचित्रे आजकाल वृत्तपत्रांतून वारंवार झळकतात. तरंगत्या प्रासादातील संगमरवरी स्नानगृहे पाहून हा आधुनिक संपत्तीचाच शोध असावा, असा वाचकाचा सहज समज होतो. तो खरा नव्हे. रोमच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरांवर, एका मृत ज्वालामुखीच्या मुखात नेमी नावाचे लहानसे सरोवर आहे. त्याच्या तळाशी अशा दोन नौका जवळजवळ एकोणीसशे वर्षे विसावल्या होत्या.

या सरोवराच्या काठी डायना देवीचे प्राचीन क्षेत्र होते; रोमन लोक सरोवरालाच 'डायनेचा आरसा' म्हणत. नौका देवीच्या उत्सवासाठी बांधल्या की सम्राटाच्या चैनीसाठी, हा वाद अद्याप मिटलेला नाही. दोन होड्या जोडून देवाला जलविहार घडविणारा सांगोड ज्यांनी गोव्यात पाहिला आहे, त्यांना यातील पहिली कल्पना मुळीच अवघड वाटणार नाही. कर्त्याविषयी मात्र शंका उरत नाही. नौकांवरील शिशाच्या नळांवर इ. स. ३७ ते ४१ या काळात राज्य करणाऱ्या कॅलिग्युला सम्राटाचे नाव उठविलेले आहे. पुरावा तोलण्याची सवय जडलेल्या वकिलाला याहून निःसंदिग्ध लेख कोणता हवा?

एक नौका सुमारे ७० मीटर लांब व २० मीटर रुंद, तर दुसरी त्याहूनही थोडी मोठी. वर संगमरवराची व चित्रखड्यांची फरसबंदी आणि तोंडात कडी धरलेली लांडग्या-सिंहांची कांस्यमुखे. परंतु खरे नवल याखालीच होते. फळ्या एकमेकींत कूस व खुंटी बसवून सांधलेल्या. बाहेरून लोकरीचे आवरण आणि त्यावर शिशाचा पत्रा. खाऱ्या पाण्यातील लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षणासाठी हा पत्रा ठोकीत. नेमीच्या गोड्या पाण्यात ना तो कीडा, ना समुद्राच्या लाटा. तरीही कारागिरांनी सागरी रीतीत कसूर केली नाही. कांस्याच्या गोळ्यांवर फिरणाऱ्या एका पीठाचे अवशेषही येथे सापडले. लिओनार्दोने आपल्या वहीत अशा रचनांची चित्रे काढली ती यानंतर सुमारे साडेचौदा शतकांनी. आडवी दांडी काढघाल करता येणारा एक लोखंडी नांगरही मिळाला. या घडणीचा नांगर ब्रिटिश आरमाराने स्वीकारला तो एकोणिसाव्या शतकात!

या नौका वर काढण्याचे प्रयत्न पंधराव्या शतकापासून चालू होते. १४४६ च्या सुमारास आल्बेर्ती या वास्तुविशारदाने पिंपे तरंगवून व दोर बांधून त्या ओढू पाहिल्या. हाती केवळ तुकडे आले. १५३५ मध्ये देमार्की पाणबुडीचे टोप घालून तळाशी उतरला. १८९५ मध्ये कांस्यमुखे काढली गेली. प्रत्येकाचा डोळा अलंकारांवर. ओरबाडल्या गेलेल्या सांगाड्याची पर्वा कोणास? शेवटी १९२८ मध्ये सरोवराचेच पाणी उपसण्यास आरंभ झाला. ते वाहून नेण्यासाठी डोंगरातून खोदलेला प्राचीन बोगदाच उपयोगी पडला! पाणी २० मीटरांहून अधिक उतरले, १९३२ पर्यंत दोन्ही नौका काठावर आल्या आणि त्यांच्यासाठी तेथेच संग्रहालय उभे राहिले.

पण ३१ मे १९४४ च्या रात्री, युद्धाच्या धामधुमीत, संग्रहालयास आग लागून दोन्ही नौका भस्मसात झाल्या. इटालियन चौकशी समितीने माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांवर ठपका ठेवला. त्याच दिवशी दोस्तांच्या तोफांचा माराही त्या परिसरात झाला होता, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. प्रत्यक्षदर्शी पुराव्यावाचून आरोपीस संशयाचा फायदा द्यावा, हे आमच्या व्यवसायाचे सूत्र. पण त्याने जळालेली वस्तू परत येत नाही. एकोणीस शतके चिखलाने जी सांभाळली, ती ठेव माणसाच्या हाती बारा वर्षेच टिकली.

अलंकारांचे दैव मात्र निराळे. कांस्यमुखे रोममध्ये असल्याने बचावली. फरशीचा एक तुकडा तर न्यूयॉर्कमधील एका घरात चहाचे मेज होऊन बसला होता; तेथील सरकारी वकिलांनी तो २०१७ मध्ये जप्त केला आणि २०२१ मध्ये तो नेमीच्या संग्रहालयात परतला. सांगाड्याचे काय उरले? उत्खननाच्या वेळी काळजीपूर्वक घेतलेली मापे, नकाशे व छायाचित्रे. त्यांच्याच आधारे रोमन नौकाबांधणीचा अभ्यास आजही चालतो.

देवळाच्या कळसाला सारे हात जोडतात, पाया कोणी पाहत नाही. नळावर नाव सम्राटाचे राहिले; पण जेथे कोणाची दृष्टी जाणार नव्हती, त्या पाण्याखालच्या फळ्या ज्यांनी चोख सांधल्या, त्या अनामिकांचेच ऋण इतिहासावर मोठे आहे. आपल्या देवळांतील जुने रथ, मखरे व होड्या यांची मापे त्या शाबूत असतानाच कोणी लिहून ठेवील, तर त्या ऋणाची थोडीबहुत फेड होईल.