मेलेलें अंडें आणि हिरवा रंग

माशांच्या अंड्यांचा एक मोठा शत्रु जिवंत अंड्यावर सहसा प्रथम हल्ला करीत नाहीं. तो आधीं एखाद्या मृत अंड्यावर ठाणें देतो. सॅप्रोलेग्निया नांवाची ही पाणबुरशी कापसासारखे तंतु पसरीत शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढते व त्यांचा श्वास कोंडते. नदींत ट्राउट मासळी आपलीं अंडीं खडीखालीं पुरते; तेथें त्यांच्यामधून पाणी खेळत असतें. मनुष्यानें मात्र हजारों अंडीं एका तबकांत दाटीनें मांडलीं, आणि एकाचें मरण साऱ्यांचें संकट झालें.

ट्राउटच्या कृत्रिम पैदाशीची रीत स्टेफान लुडविग याकोबी या जर्मन गृहस्थानें १७६५ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १८५२ सालीं फ्रान्सच्या सरकारनें आल्सास प्रांतांत ह्युनिंग येथें मोठ्या उबवणकेंद्राचा पाया घातला. त्या काळीं बुरशीवर मुख्य उपाय म्हणजे पांढरीं पडलेलीं अंडीं रोज चिमट्यानें वेंचणें. पण गर्भाचे डोळे दिसूं लागेपर्यंत कित्येक दिवस अंडें इतकें नाजुक असतें कीं, धक्का लागतांच तें दगावावें. वेंचावें तर धक्क्याचें भय, न वेंचावें तर बुरशीचें!

या पेंचांतून १९३६ सालीं अमेरिकेंत फॉस्टर व वुडबरी यांनीं वाट दाखविली. रेशीम व चामडें रंगविण्याचा मॅलकाइट ग्रीन हा हिरवा रंग पाण्यांत अत्यल्प प्रमाणांत मिसळल्यास बुरशी आटोक्यांत येते, असें त्यांनीं जाहीर केलें. अंड्यास हातहि लावावा लागेना. औषध स्वस्त आणि गुण रोकडा. तेव्हां देशोदेशींच्या केंद्रांनीं तें कित्येक दशकें बिनदिक्कत वापरलें यांत नवल नाहीं.

परंतु पुढें आढळून आलें कीं, हा रंग माशाच्या शरीरांत वर्णहीन रूप घेऊन दीर्घकाळ टिकतो, आणि तो मासा खाणाऱ्याच्या प्रकृतीसहि त्यापासून धोका संभवतो. खाण्याच्या माशांसाठीं त्याचा वापर अनेक देशांनीं निषिद्ध ठरविला. ब्रिटननें तो २००२ सालीं बंद केला. अमेरिकेंत २००७ सालीं हायड्रोजन पेरॉक्साइडला अंड्यांसाठीं मान्यता मिळाली. लिटरमागें ५०० ते १००० मिलिग्रॅम या प्रमाणांत, १५ मिनिटें, तें अंड्यांवरून वाहूं देतात. विघटन पावल्यावर त्याचें पाणी व प्राणवायु होतो.

तरीहि चिमटा निवृत्त झालेला नाहीं. डोळे दिसूं लागल्यावर अंड्यांना मुद्दाम हलका धक्का देतात. निष्फळ अंडीं पांढरीं पडतात व वेंचलीं जातात. हिरव्या रंगास आरंभीं एकच प्रश्न विचारला गेला होता: बुरशी मरते काय? मासा खाणाऱ्याचें काय, हा दुसरा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. चिमट्याला मात्र तो विचारण्याची कधींच गरज पडली नाहीं.