केसगळतीवरची औषधं : प्रस्तावना

या विषयात पाऊल टाकणाऱ्याने आधी औषधांचा जन्म कसा झाला ते पाहावं. मिनॉक्सिडिल ही मुळात तीव्र रक्तदाबावरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवू लागले. डॉक्टरांनी ही तक्रार नीट टिपून ठेवली आणि त्यातून डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं. १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनॅस्टेराइडची कथा तर विलक्षणच. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत एका विकराची जन्मतः उणीव होती. ज्युलिआन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे संप्रेरक पुरेसं बनत नसे. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांना टक्कलही पडत नसे. तेच विकर रोखणारी गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आली, ५ मिलिग्रॅमची. १९९७ मध्ये टकलासाठी, १ मिलिग्रॅमची.

शरीरात दिसलेली अनपेक्षित गोष्ट कुणीतरी गांभीर्याने घेतली, म्हणून ही औषधं आपल्या हाती आली. ती वापरणाऱ्यानेही आपल्या शरीराकडे तितक्याच गांभीर्याने पाहावं, एवढंच माझं मागणं आहे.

पण औषधाआधी कारण शोधायला हवं. आमच्या वसई-विरारमध्ये केस गळू लागले की पहिला दोष पाण्याला जातो. नालासोपाऱ्यात, विरारला नव्याने राहायला आलेली माणसं टँकरच्या, बोअरिंगच्या पाण्याकडे बोट दाखवतात. जड पाण्याने केस राठ होतात, तुटूही शकतात. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारी रेषा पाण्यामुळे सरकत नाही. त्यामागे आनुवंशिकता आणि डीएचटी असतं. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने हाती येतात, ती गळती निराळी आणि बहुधा आपोआप थांबणारी. चाई त्याहूनही निराळी : तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तिच्या तीव्र प्रकारासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला मान्यता मिळाली. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे.

कारण न शोधता बाटली उघडणं किती व्यर्थ, हे जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याने दाखवलं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांना काही दिवसांत टक्कल पडलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधलं. अशा वेळी मिनॉक्सिडिल काय करणार?

निदान झाल्यावर मात्र चिकाटी हवी. मिनॉक्सिडिल कोरड्या डोक्यावर, त्वचेला लावायचं, केसांना नव्हे. हात धुवायचे, आणि पुढचे चार तास डोकं धुवायचं नाही. पहाटेची लोकल गाठणाऱ्याने ते वाळायला वेळ मिळेल असं वेळापत्रक बसवावं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. पुष्कळजण घाबरून तिथेच सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध थांबवलं की मिळालेलं काही महिन्यांत जातं. जास्त लावल्याने जास्त उगवत नाही. धडधड, चक्कर, पायांवर सूज आली तर थांबून डॉक्टरांना गाठावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते टाळावं. घरात मांजर असेल तर विशेष जपावं, तिच्यासाठी ते विष आहे.

फिनॅस्टेराइड मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊ नये. गरोदर स्त्रीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. गोळी बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नये. प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी करताना ती चालू असल्याचं डॉक्टरांना सांगावं, कारण आकडा जवळपास निम्मा दिसतो आणि आजार झाकला जातो. कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं या तक्रारी थोड्यांनाच होतात, पण लाजेपोटी लपवल्या जातात. मनाचंही तसंच. आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी मे २०२५ मध्ये मान्य केलं. म्हणून ही गोळी सुरू करणाऱ्याने घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवावं. मन खचत चाललंय हे पुष्कळदा आपल्याआधी त्याच्या ध्यानात येतं.