बिऱ्हाड पाठीवर घेतलेली शेक्सपिअर मंडळी

चैत्रात जत्रा सुरू झाल्या की शिरूर-दौंडच्या गावांत तमाशाचे फड उतरू लागतात. चौफुल्याची कला केंद्रे दौंड तालुक्यातली. अनेक फडांना वग आणि लावण्या लिहून देणारे बशीर मोमीन कवठेकर शिरूरच्या कवठे येमाईचे. राज्य शासनाचा २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. फिरत्या मंडळीचं जगणं कसं असतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच जेफ्री केंडल या इंग्रज नटाच्या मंडळीची वाटचाल त्याला परकी वाटू नये.

केंडल यांचा जन्म १९०९ चा, उत्तर इंग्लंडमधल्या केंडल गावचा. आडनाव खरं तर ब्रॅग. रंगभूमीवर आल्यावर त्यांनी गावाचंच नाव लावलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं घेऊन ते हिंदुस्थानात आले. युद्ध संपलं, मंडळी मायदेशी परतली, पण केंडल यांचं मन इथेच राहिलं होतं. १९४७ मध्ये, इंग्रज अधिकारी सामान आवरत असताना, हा नट बायको लॉरा लिडेल आणि दोन मुलींना घेऊन उलट्या वाटेने परत आला. धाकटी फेलिसिटी तेव्हा वर्षाचीही नव्हती. मंडळीचं नाव होतं ‘शेक्सपिअराना’.

पुढची काही वर्षं प्रवासाचीच. शाळा, कॉलेजं, संस्थानिकांचे राजवाडे, जिथे चार फळ्या मिळतील तिथे प्रयोग. ‘मॅकबेथ’, ‘ऑथेल्लो’, ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आणि अधूनमधून शॉ. माणसं मोजकी, त्यामुळे एकेकाला अनेक भूमिका कराव्या लागत. फेलिसिटीला तर नऊ महिन्यांची असतानाच रंगमंचावर आणलं गेलं. मंडळीत इथले तरुणही घेतले जात. पुढे बंगाली रंगभूमीवर मोठं नाव झालेले उत्पल दत्त त्यांतलेच.

त्याच काळात आणखी एक मंडळी देशभर हिंडत होती. १९४४ मध्ये सिनेनट पृथ्वीराज कपूर यांनी ‘पृथ्वी थिएटर्स’ सुरू केलं आणि १९६० पर्यंत अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. प्रयोग संपला की ते दाराशी झोळी पसरून उभे राहत आणि गरजूंसाठी पैसे गोळा करत. १९५६ मध्ये कलकत्त्यात पृथ्वीराज यांचा धाकटा मुलगा शशी आणि केंडल यांची थोरली मुलगी जेनिफर यांची गाठ पडली. केंडल यांचा या जोडीला विरोध होता. जेनिफर ही मंडळीची प्रमुख नटी. ती गेली तर खेळ उभा कसा राहणार, ही मालकाची अडचण बापाच्या काळजीइतकीच खरी होती. शशी मात्र काही काळ शेक्सपिअरानात राहून इंग्रजी नाटकं करू लागला आणि १९५८ मध्ये दोघांचं लग्न झालं.

सिनेमा पसरला, इंग्रजी नाटकाचा प्रेक्षक ओसरला. या उतरणीवरच जेम्स आयव्हरी यांनी १९६५ मध्ये ‘शेक्सपिअरवाला’ काढला. केंडल पती-पत्नी, फेलिसिटी आणि शशी कपूर हे सगळे त्यात, संगीत सत्यजित राय यांचं. त्यानंतर फेलिसिटीने लंडन गाठलं. बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ या मालिकेने ती घराघरांत पोचली आणि टॉम स्टॉपर्डच्या नाटकांनी तिला रंगभूमीवर मानाची जागा दिली. अपर्णा सेन यांच्या ‘३६ चौरंगी लेन’मध्ये (१९८१) जेनिफरने एकट्या पडलेल्या शिक्षिकेची भूमिका केली, तर जेफ्रींनी त्यात तिच्या म्हाताऱ्या भावाचं काम केलं.

मात्र जेनिफरचं सर्वांत टिकाऊ काम पडद्यावरचं नव्हे. मुंबईत जुहूला नाट्यगृह व्हावं, हे पृथ्वीराज यांच्या मनात होतं. १९७२ मध्ये ते गेले. शशी आणि जेनिफरने १९७५ मध्ये त्यांच्या नावाने विश्वस्त संस्था उभारली आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ‘पृथ्वी थिएटर’ सुरू झालं. वेद सेगन यांनी आखलेल्या या छोट्या नाट्यगृहात प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. खुर्च्या दोनशेच्या आसपास. पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी रूपाचा होता. त्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी होते. त्याच वर्षी शशीचे भाऊ राज कपूर यांचा ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ आला. त्याचं चित्रीकरण झालं ते लोणी काळभोरचं ‘राजबाग’ दौंडहून पुण्याला जाताना वाटेवर लागतं. एका भावाने बापाचा पडद्याचा वारसा वाढवला, दुसऱ्याने रंगभूमीचा.

जेनिफर १९८४ मध्ये कर्करोगाने गेली. पुढे मुलगा कुणाल आणि मुलगी संजना यांनी पृथ्वीचा कारभार पाहिला. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, जेनिफरच्या वाढदिवशी, झाकीर हुसेन तिथे तबला वाजवत असत. जेफ्री केंडल १९९८ मध्ये वारले.

शेक्सपिअरानाला स्वतःचं छप्पर कधीच मिळालं नाही. मालकाच्या लेकीने मात्र इतर मंडळींसाठी ते बांधलं. मुंबईत हे जमलं, कारण पाठीशी कपूर घराण्याचं नाव आणि सिनेमाचा पैसा होता. आपल्याकडच्या फडांना असा आधार नाही. त्यांची मदार जत्रेच्या सुपारीवर आणि तंबूच्या तिकिटावर. तेव्हा यंदा गावात तंबू लागला, तर फुकट पासाची वाट न पाहता तिकीट काढा, आणि गण-गवळण झाली म्हणून न उठता वग संपेपर्यंत बसा.