नियम, व्रत आणि संयम : कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनाचा बोध

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना एक प्रश्न सहजच मनात येतो. आपल्या भागातील जैन समाज हा मुख्यतः शेती आणि लहानसहान व्यापार यांवर जगणारा. त्याने गेल्या शतकात शिक्षण, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांत जी मजल मारली, तिचे मूळ कशात आहे? ज्येष्ठ मंडळींना विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "शिस्त आणि संयम." हे उत्तर खरे आहे. परंतु शिस्त म्हणजे काय, संयम म्हणजे काय आणि या दोहोंत अंतर कोणते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. हा विचार करण्यासाठी आपल्याच परिसरातील, आपल्याच समाजात जन्मलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र पुन्हा वाचावे असे वाटते. ते म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील.

संयमाची दोन अंगे

दशलक्षण पर्वात आपण क्रमाने दहा धर्मांची आराधना करतो. उत्तम क्षमेपासून सुरुवात होते आणि सहाव्या दिवशी उत्तम संयमाची पाळी येते. आपल्या शास्त्रकारांनी संयमाचे दोन भेद सांगितले आहेत. पहिला इंद्रियसंयम, म्हणजे पाच इंद्रिये आणि मन यांना आवर घालणे. दुसरा प्राणिसंयम, म्हणजे सहा कायांच्या जीवांचे रक्षण करणे, आपल्या वागण्याने कोणत्याही जीवाला पीडा होऊ न देणे. व्यवहारात संयम म्हटले की आपल्याला केवळ पहिला भेद आठवतो. उपवास, एकाशन, रात्रिभोजनत्याग, रसत्याग यांची आपण मनोभावे गणना करतो. दुसरा भेद मात्र पाणी गाळून घेणे आणि पावले जपून टाकणे एवढ्यापुरता उरतो. शेजारी उभा असलेला पंचेंद्रिय मनुष्यही त्या जीवांतच मोडतो, याचा आपल्याला विसर पडतो.

भाऊरावांचे चरित्र ही या दोन अंगांना एकत्र आणण्याची कथा आहे.

वसतिगृहांची पिढी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांचे मूळ घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील नोकरीनिमित्त गावोगाव फिरत असल्याने मुलाचे शिक्षणही अनेक ठिकाणी झाले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. राहण्याची सोय दिगंबर जैन बोर्डिंगात झाली.

हे बोर्डिंग कसे उभे राहिले, हे नव्या पिढीने जाणून घेतले पाहिजे. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. खेड्यातील मुलगा शहरात आल्याखेरीज शिकणार नाही आणि शहरात राहण्याजेवण्याची सोय झाल्याखेरीज तो येणार नाही, हे त्या काळच्या धुरीणांनी ओळखले होते. त्याच सुमारास राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला आणि १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी राहू लागली. जैन बोर्डिंग हे त्यांतील आरंभीच्या वसतिगृहांपैकी एक होय. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला नेमलेल्या वेळी उठणे, नेमलेल्या वेळी अभ्यास करणे, दर्शन-पूजन आणि पंक्तीचे नियम पाळणे यांची सवय अशाच वसतिगृहांत लागली. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या या शिस्तीने घडविल्या, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

उंबरठ्यावरील प्रसंग

अशाच एका नियमाशी विद्यार्थी भाऊरावांचा संघर्ष झाला. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटन समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर, स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज पंक्तीस येता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. वसतिगृहाची व्यवस्था त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. अण्णासाहेब स्वतः उच्चविद्याविभूषित, जैन सभेच्या आधारस्तंभांपैकी एक आणि शिस्तीचे भोक्ते. नियम मोडल्याबद्दल भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे शाहू छत्रपतींच्या आश्रयाने त्यांच्या राहण्याची सोय झाली.

या प्रसंगाकडे आज पाहताना अण्णासाहेबांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. समाजाच्या देणग्यांवर चालणारे नवे वसतिगृह, घराघरांत रुजलेले सोवळेओवळे आणि लोकापवादाची भीती या सर्वांचा भार व्यवस्थापकाच्या खांद्यावर होता. ब्राह्मणेतर चळवळीत आणि शिक्षणप्रसारात अण्णासाहेबांनी केलेले कार्यही मोठे आहे. तथापि मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. त्या स्नानाच्या नियमाने कोणत्या इंद्रियावर विजय मिळत होता? कोणत्या जीवाचे रक्षण होत होते? संयमाच्या दोन्ही अंगांशी त्याचा काहीच संबंध नव्हता. तो रूढीचा नियम होता आणि संयमाचे वस्त्र पांघरून पंक्तीत बसला होता. विशीतील एका विद्यार्थ्याने हे ओळखले आणि ओळखल्याची किंमत मोजली.

डांबर प्रकरण : क्षमेची कसोटी

खरी कसोटी पुढेच होती. १९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला. त्या काळी हा साधा गुन्हा नव्हता. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यासाठी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची गळ भाऊरावांना घालण्यात आली.

वाचकहो, क्षणभर त्या तरुणाच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. ज्याने आपल्याला वसतिगृहातून बाहेर काढले, त्याच माणसाविरुद्ध दोन शब्द बोलायचे होते. बोलला असता तर सुटका होती आणि जुने उट्टेही निघाले असते. भाऊरावांनी नकार दिला. त्यांना अटक झाली, कोठडीत छळ झाला. तो छळ इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. म्हणजे हा मनुष्य दगडाचा नव्हता. देह आणि मन दोन्ही मोडकळीस आली होती. पण खोटी साक्ष त्यांनी दिली नाही ती नाहीच.

सत्याणुव्रताचा अर्थ आपण पाठशाळेत शिकतो. दुसऱ्यावर संकट येईल असे असत्य बोलू नये, हा त्याचा गाभा. उत्तम क्षमा म्हणजे समर्थ असूनही वैर न धरणे. ही दोन्ही व्रते कोणत्याही मंदिरात, कोणत्याही पंचांसमोर न घेता एका कोठडीत पाळली गेली. तेथे वेळ सांगणारी घंटा नव्हती, हजेरी घेणारा व्यवस्थापक नव्हता. बाहेरची शिस्त जेथे संपते तेथे संयम सुरू होतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या भागाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

तापट मनुष्याचे व्रत

भाऊराव स्वभावाने शांत होते, असा समज कोणी करून घेऊ नये. ते अत्यंत तापट होते. संस्थेला देणगी देण्याचे वचन एका कारखानदाराने पाळले नाही, तेव्हा संतापाच्या भरात ते शस्त्र घेऊन निघाले होते आणि एका सहकाऱ्याने त्यांना अडविले, अशी हकीकत सांगितली जाते. ही हकीकत झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्याला राग येतच नाही त्याला क्रोधकषाय जिंकण्याचा प्रश्नच पडत नाही. भाऊरावांनी आपल्या उग्रतेला एका कार्याला जुंपले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढील चाळीस वर्षे त्या एकाच ध्येयाला वाहून घेतले. अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी, हाती काठी आणि पांढरीशुभ्र दाढी हे त्यांचे रूप महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचित झाले. १९४८ मध्ये महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. त्याच काळात संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद पडले, तरी त्यांचा संकल्प ढळला नाही.

लक्ष्मीबाईंचा त्याग

या चरित्रात सौ. लक्ष्मीबाईंचे स्थान भाऊरावांच्या बरोबरीचे आहे. त्या धर्मनिष्ठ जैन कुटुंबात वाढलेल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव देण्यात आले. ज्या पंक्तीवरून कोल्हापुरात पतीला बाहेर पडावे लागले, तशी पंक्ती आता त्यांच्याच घरी बसू लागली होती आणि तीत जातीची विचारणा नव्हती. लक्ष्मीबाईंनी जन्मभराच्या संस्कारांशी झगडून त्या मुलांना आपली लेकरे मानले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. परिग्रहपरिमाण व्रताचे विवेचन आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकतो. या माउलीने ते एका दुष्कर दिवशी गळ्यातून काढून दाखविले.

रयतेची शिस्त

आता भाऊरावांनी स्वतः उभ्या केलेल्या वसतिगृहांकडे पाहू. तेथे शिस्त नव्हती काय? उलट ती अधिक कडक होती. मुलांनी स्वतः स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची, शेतात राबायचे, विहिरी खणायच्या, इमारतींसाठी दगडमाती वाहायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे घोषवाक्य होते आणि वटवृक्ष हे बोधचिन्ह. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी विद्यालय सुरू झाले, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि तेथे 'कमवा व शिका' ही योजना रुजली. फी भरण्यास पैसा नसलेला मुलगा श्रम करून शिकू लागला.

या शिस्तीत आणि त्या स्नानाच्या नियमात एक मूलभूत भेद आहे. रयतेची शिस्त मुलाला आळस, परावलंबन आणि श्रमाची लाज यांपासून दूर नेत होती. हा इंद्रियसंयम. तीच शिस्त त्याला शेजारच्या ताटावर बसलेल्या मुलाशी जोडत होती. हा प्राणिसंयम. भाऊरावांनी शिस्त नाकारली नव्हती, तिचे शुद्धीकरण केले होते. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला, पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरविले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी लावलेल्या वटवृक्षाच्या सातशेहून अधिक शाखा आज उभ्या आहेत.

इकडे अण्णासाहेब लठ्ठेही पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. एकाच बोर्डिंगच्या उंबरठ्यावर समोरासमोर उभे ठाकलेले हे दोन पुरुष, दोघेही बहुजनांच्या शिक्षणासाठी झटले. दोघेही आपलेच आहेत.

कुंभोजचा डोंगर

भाऊरावांच्या जन्मगावाजवळील बाहुबली डोंगरावर आपण सर्वजण दर्शनास जातो. १९३४ मध्ये तेथे पूज्य समंतभद्र महाराजांनी ब्रह्मचर्याश्रम सुरू करून विद्या आणि व्रत यांची सांगड घातली. १९६३ मध्ये भगवान बाहुबलींची अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती तेथे विराजमान झाली. बाहुबलींची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. वर्षभर ते कायोत्सर्गात उभे राहिले, वेली अंगावर चढल्या, वारुळे वाढली, तरी केवलज्ञान होईना, कारण मनात एक सूक्ष्म शल्य उरले होते. ते निघाले आणि ज्ञान प्रकटले. देहाचा संयम परिपूर्ण असूनही मनातील शल्याने वाट अडवावी, हा केवढा मोठा इशारा आहे!

समाजालाही असे शल्य असू शकते. कर्मवीरांच्या जयंतीस आपण त्यांच्या प्रतिमेस हार घालतो, ते 'आपल्या समाजाचे' म्हणून अभिमान बाळगतो. तो अभिमान योग्यच आहे. पण ज्या नियमामुळे त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, त्या नियमाचे प्रतिक्रमण आपण केले आहे काय? आपल्या पंक्तीत, आपल्या भाड्याच्या खोल्यांत, आपल्या मुलामुलींच्या सोयरिकींत तो नियम नाव बदलून अजूनही बसलेला नाही ना? झालेल्या दोषाची आठवण ठेवून तो पुन्हा न करण्याचा निश्चय म्हणजेच प्रतिक्रमण. ते व्यक्तीने करावे तसे संस्थेनेही करावे.

पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करून आपला ट्रस्ट पुढील पर्वात पाऊल टाकीत आहे. यापुढे कोणताही नियम करताना, पाळताना किंवा मुलांना शिकविताना आपण स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. या नियमाने माझा कोणता विकार कमी होतो? आणि या नियमाने कोणत्या जीवाचे भले होते? दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले, तर तो नियम प्राणपणाने पाळावा. एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर त्या विद्यार्थ्याप्रमाणे नम्रपणे पण ठामपणे तो बाजूला ठेवावा आणि त्याबद्दल मोजावी लागणारी किंमत कोणाविषयीही वैर न धरता मोजावी. सुवर्णमहोत्सवी वर्षाचा याहून उचित संकल्प कोणता असणार?

जय जिनेन्द्र!