न्यामाताच्या बाकांवरील कपडे

रवांडातील न्यामाता येथील कॅथलिक चर्चमध्ये आता मिस्सा होत नाही. बाकांवर मृतांचे कपडे रचलेले आहेत. वेदीच्या वस्त्रावर रक्ताचे डाग आहेत. एप्रिल १९९४ मध्ये देवाच्या घरी आपण सुरक्षित राहू, या विश्वासाने आलेल्या हजारो तुत्सींची येथे कत्तल झाली. मारणारे आणि मरणारे यांतील अनेकांचा बाप्तिस्मा एकाच चर्चमध्ये झालेला होता.

त्या शंभर दिवसांत देशभर, शासनाच्या गणनेनुसार, दहा लाखांहून अधिक माणसे मारली गेली. न्यामाताचे चर्च शासनाने राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केले; २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दरवर्षी ७ एप्रिलला राजधानी किगालीत स्मृतिज्योत पेटते आणि आठवडाभर राष्ट्रीय दुखवटा पाळला जातो. त्याचे नाव ‘क्विबुका’, म्हणजे स्मरण.

परंतु शासकीय स्मरणाला शासनाची कुंपणेही असतात. संहारातून वाचलेला कॅथलिक गायक किझितो मिहिगो याने २०१४ मध्ये सूडापोटी मारल्या गेलेल्यांसाठीही गीतातून प्रार्थना केली. गीतावर बंदी आली. त्याच वर्षी कटाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. २०१८ मध्ये त्याची सुटका झाली; २०२० मध्ये पुन्हा अटक होऊन पोलीस कोठडीत त्याचा अंत झाला.

२०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या व तिच्या सभासदांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. शासनाने पुरावा जपावा, हे योग्यच. मात्र कोणासाठी अश्रू ढाळावेत, हे राजाज्ञेने ठरत नाही. ख्रिस्ताच्या वेदीवर तरी एकही मृत परका नसतो.